कोठाराची दुसरी किल्ली

रेफात माझ्याकडे दर शनिवारी दाढीला येतो. तो आत आला की बाकावर बसलेल्यांपैकी एखाददोघांना अचानक घरची कामं आठवतात आणि ते उठून जातात. मी त्यांना थांबवत नाही. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळतं, शेजारी मिळत नाही. त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एक, अंगणातलं अंजिराचं झाडही दोघांत एकच, आणि अख्ख्या कोद्रासमध्ये त्याच्याशी अजून मोकळेपणानं बोलणारा, खरं सांगायचं तर, मी एकटाच उरलोय.

गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, जुनी छावणी होती. तिथल्या शस्त्रकोठाराचा रेफात राखणदार. नुसता पहारेकरी नव्हे, आत जाणारी-येणारी प्रत्येक बंदूक त्याच्या हातून पुसून, तपासून जायची. विशीत शिपाई म्हणून गेला तो तिथंच रुजला. तेव्हा आमच्या सैन्यात हुद्दे नव्हते. पक्षानं काढून टाकले होते. सगळे सारखे, सगळे कॉम्रेड. तरी त्या सारख्यांमध्ये कुणापुढं टाचा जुळवायच्या हे प्रत्येकाला नेमकं ठाऊक असायचं. छावणीत दोन माणसं मोठी: एक कमांडर, दुसरा पक्षाचा कमिसार. कोठाराला कुलपं दोन होती. एका कुलपाची किल्ली कमांडरकडे, दुसऱ्याची कमिसारकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडायचं नाही. पक्षाचा सैन्यावर विश्वास नव्हता, सैन्याचा पक्षावर नव्हता, आणि आम्हा उरलेल्यांवर तर कुणाचाच नव्हता.

कमांडर होता झेनून. उंचापुरा, आवाज असा की वर छावणीत कवायत घेतली तर खाली माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं ताठ बसायची. रेफातला शिपायातून उचलून कोठारावर नेमलं ते त्यानंच. त्याचं लग्नही त्यानंच जुळवलं. रेस्मिये ही झेनूनच्या बायकोच्या गावची. रेफात त्याला कधी नावानं हाक मारत नसे. पुढं सगळं बदललं, तरी त्याच्या तोंडातून 'कॉम्रेड कमांडर'च यायचं, आणि हा शब्द ऐकून लोक इकडंतिकडं बघायचे.

मग राजवट पडली. पुतळे पाडले, हुद्दे परत आले, कमिसार गेले. नव्या सरकारला जुने अधिकारी नको होते. त्याला त्यांनी सुधारणा म्हटलं. झेनूनला एक दिवस राजधानीत बोलावणं आलं, आणि तो बसनं परतला तेव्हा कमरेला पट्टा नव्हता. त्याच्या जागी नव्या पक्षाच्या माणसांची पोरं आली, तीन महिने शिकून कप्तान झालेली. एवढ्या काळात मी हाताखालच्या पोराला साबणाचा फेससुद्धा करू देत नाही. झेनून बाजारात कांदे-लसूण घेऊन बसू लागला. आवाज तेवढा कामी आला.

त्याच सुमाराला छावणीत एक परदेशी अधिकारी दुभाष्याला घेऊन शिकवायला आला होता. त्यानं फळ्यावर दोन चौकोन काढले. वरच्यात बिनगणवेशाचा माणूस, खालच्यात सैनिक. म्हणाला, बंदूक ज्याच्या हातात आहे त्यानं ती कधी उचलायची हे ठरवायचं नसतं. ते बंदूक नसलेल्यानं ठरवायचं, ज्याला लोकांनी निवडलंय किंवा नेमलंय त्यानं. तीन महिन्यांचे कप्तान मागं बसून पेंगत होते. रेफात जागा होता. त्यानं ते असं मनावर घेतलं, जसं एखादा डॉक्टरनं सांगितलेलं पथ्य घेतो. पुढं वरून हुकूम आला की कमिसारची किल्ली आता जिल्हाप्रमुखाकडे, म्हणजे नागरिकाकडे राहील. रेफात मला अंगणात सांगत होता, "वांजेल, हे पहिल्यांदा बरोबर झालंय. कमिसारही बंदूकवालाच होता. आता कसं, एक किल्ली बंदुकीची आणि एक माणसांची."

रेस्मिये वर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "अरे माणसा, या घरात मीठ कुठं ठेवायचं ते मी ठरवते. म्हणजे मी तुझी नागरी सत्ता झाले की नाही? मग सरपणाचा हुकूम कधीचा देऊन ठेवलाय!"

रेफात हसत सरपण फोडायला गेला. ती दोघं तशीच होती. ती बोलायची, तो करायचा, आणि सुख म्हणतात ते त्यांच्याकडे होतं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये आमचा देश फुटला. पैसे दुप्पट करून देणाऱ्या कंपन्या बुडाल्या. लोकांनी गाई विकून, घरं विकून पैसे घातले होते. सरकारनं हात वर केले, आणि दक्षिणेत माणसं रस्त्यावर उतरली. एका सकाळी जिल्हाप्रमुख माझ्या खुर्चीत बसला होता. त्याचा ड्रायव्हर आत आला, कानात काही बोलला. जिल्हाप्रमुख उठला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण. खिशातून किल्ली काढून त्यानं माझ्या कंगव्यांशेजारी ठेवली.

"ही रेफातला दे. मला निघायला हवं. आई आजारी आहे माझी."

त्याची आई केव्हाच वारली होती. मयताला मी स्वतः गेलो होतो. पण तोवर गाडी पुलापलीकडे गेली होती.

मी छावणीत गेलो. फाटक सताड उघडं, शिपाई आपापल्या घरी पळालेले. तीन महिन्यांच्या कप्तानानं धोब्याच्या पोराचे कपडे चढवले होते आणि आपली किल्ली रेफातच्या अंगावर फेकून तो डोंगरानं निघून गेला होता. रेफात कोठाराच्या पायरीवर बसला होता.

"ही घे, जिल्हाप्रमुखाची," मी म्हणालो.

त्यानं हात मागं घेतला. "ती माझ्याकडे नको. एकाच हातात दोन्ही किल्ल्या नकोत. तू ठेव."

"मी? मी न्हावी आहे बाबा. धारेची वस्तू म्हणून वस्तरा आहे, तेवढा पुरे."

"न्हावी म्हणजे नागरिकच की."

"नागरिक आहे म्हणूनच तर पाय लटपटतायत!"

त्यानं किल्ली घेतली, ती अशी लांब धरून, जणू कुणाची तरी विसरलेली वस्तू पोचवायची आहे. मग दिवसभर गावात फिरला. न्यायाधीश म्हणाले, मी निकाल देतो, किल्ल्या सांभाळत नाही. मुख्याध्यापकांनी खिडकीतूनच सांगितलं की शाळेला सुट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, कुणाला लागलं की माझ्याकडे या, आधी नको. मशिदीच्या होजानं चर्चकडे बोट दाखवलं आणि चर्चच्या पाद्र्यानं मशिदीकडे. एवढं मोठं गाव, त्यात एक माणूस निघाला नाही जो म्हणेल, आण इकडं, मी बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमाव छावणीवर आला. पुढं खाटीक लुश्का, मागं निम्मं गाव. ओळखीचे सगळे. ज्यांची मी आयुष्यभर दाढी केली त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात. रेफात दारासमोर उभा होता, हातात काही नाही.

"बाजूला हो रेफात, नाहीतर तुझ्या अंगावरून जाऊ!" लुश्का ओरडला.

"नागरी अधिकारी आणा, मी दार उघडतो."

"अरे पळाले तुझे अधिकारी! मारू का तुला आता?"

"मार की. पण त्याला बंदूक लागेल, आणि ती आत आहे," रेफात म्हणाला.

मागं कुणीतरी खो खो हसलं. हसण्यानं जमाव थोडा सैल झाला. कुणी म्हणालं दाराला सुरुंग लावलेत, कुणी म्हणालं राजधानीतून रणगाडे निघालेत, आणि दुपारपर्यंत लोक पांगले. मला वाटलं, निभावलं.

पण त्याच दुपारी झेनून रेफातच्या घरी आला. बरोबर गावातली दोन ज्येष्ठ माणसं. मीही भिंतीवरून रेफातची हाक ऐकून गेलो आणि कोपऱ्यात बसलो. रेस्मियेनं कॉफी आणली, सगळ्यांपुढं ठेवली. त्या तिघांनी कपाला हात लावला नाही. आमच्याकडे पाहुणा मागणं घेऊन आला की कॉफी उचलत नाही. यजमानानं शब्द दिला की मगच पहिला घोट. अशा न प्यालेल्या कॉफीवर आमच्याकडे मुली दिल्या गेल्यात, खुनाची वैरं मिटलीत. आणि कप भरलेला तसाच परत गेला, तर त्या घराचं नाक कापलं गेलं.

"रेफात," झेनून म्हणाला, "मला किल्ल्या दे."

"कॉम्रेड कमांडर, तसं मागू नका."

"ऐकून घे. पलीकडच्या खोऱ्यात कोठार ट्रॅक्टरनं फोडलं. पोरं हातबॉम्ब घेऊन नदीत मासे मारतायत. उद्या लुश्का ट्रॅक्टर आणणार, मला माहीत आहे. तू एकटा काय करशील? माझ्या हाती दे. मी रांग लावतो. घरटी एक बंदूक, तीही जबाबदार माणसाला. चोरांपासून गाव राखायला. शांत झालं की परत गोळा करू."

"तुम्ही सैनिक आहात. दुसरी किल्ली नागरिकाची आहे."

झेनून हसला, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "मी सैनिक? अरे, पाच वर्षं कांदे विकतोय! गणवेश घरच्या पोतेऱ्याला गेला. बायका माझ्याशी लसणाच्या गड्डीवरून हुज्जत घालतात. सरकारनं लाथ घालून नागरिक केलंय मला. या गावात माझ्याहून मोठा नागरिक दाखव!"

आदल्या दिवसभर रेफात जे माणूस शोधत होता, ते स्वतः चालत आलं होतं, बिनगणवेशाचं, आणि 'मी घेतो' म्हणत होतं. एक म्हातारा खोकला आणि कपाकडे बघत म्हणाला, "थंड होतेय, रेफात."

रेस्मिये दारात उभी होती. बायकांनी अशा वेळी बोलायचं नसतं. ती बोलली. "अरे माणसा, होऊ दे थंड. मी दुसरी करते. संध्याकाळपर्यंत करत बसेन."

पाहुण्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रेफातनं तिच्याकडे बघितलं, मग झेनूनकडे. ज्या माणसानं आपल्याला हाताला धरून माणसांत आणलं, तो आपल्या घरात न प्यालेला कप पुढं ठेवून बसलाय. जमावापुढं छाती काढून उभा राहिलेला माणूस त्या बोटभर कपापुढं वाकला. त्यानं दोन्ही किल्ल्या चटईवर ठेवल्या.

"तुमचा शब्द?"

"माझा बेसा," झेनून म्हणाला. बेसा म्हणजे दिलेला शब्द, आमच्यात याच्यापुढं काही उरत नाही. तिघांनी कॉफी प्यायली.

झेनून खोटं बोलला नव्हता, हे मी आजही म्हणतो. दुसऱ्या सकाळी त्यानं खरंच रांग लावली. पहिल्या काही जणांना नीट बंदुका मिळाल्या, सह्यासुद्धा झाल्या. मग मागून रेटा आला. झेनूननं कवायतीच्या आवाजात हुकूम सोडले. एके काळी त्या आवाजावर माणसं चिखलात लोळली होती. आता लुश्कानं त्याला खांद्यानं बाजूला सारलं, एवढंच. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथं कोलीत न मिळालेलं माकड उरलं नाही. गाढवांवर पेट्या लादल्या. म्हाताऱ्या बायका पितळेसाठी काडतुसं एप्रनमध्ये भरून नेत होत्या. बंदुका संपल्यावर बूट, बुटांनंतर खिडक्या, खिडक्यांनंतर कौलं. संध्याकाळी कोठाराच्या चार भिंती उरल्या. रेफात सगळा वेळ तिथंच उभा होता. झेनून त्याच्यासमोरून खाली बघत गेला.

पुढं नवं सरकार आलं, परदेशी पलटणी आल्या, बंदोबस्त करून गेल्या. बंदुका कुणी परत दिल्या नाहीत. प्रत्येकाच्या घरात होती म्हणून प्रत्येकाला हवी होती. आणि आमच्या लोकांना नवीन चाळा लागला. पोरगा झाला, झाड गोळ्या आकाशात. फुटबॉलचा सामना जिंकला, झाड. लग्न तर बोलूच नका.

सप्टेंबरात लुश्काच्या मुलीचं लग्न झालं. वऱ्हाड आमच्या गल्लीखालच्या रस्त्यानं चाललं होतं, सनई, ढोल आणि गोळ्यांचा पाऊस. रेस्मिये गॅलरीत लाल मिरच्यांच्या माळा वाळत घालत होती. मी अंगणात होतो. ढोलाच्या आवाजात मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. माळ खाली पडली, मी ती उचलायला गेलो, आणि वर बघितलं तर ती कठड्यावर ओणवी झाली होती. मी हाक मारली, "रेस्मिये, मिरच्या पडल्या तुझ्या." मग कळलं.

कुणाची गोळी, कुणाला ठाऊक नव्हतं. पन्नास जण झाडत होते. आमचा जुना कायदा रक्ताचा आहे: ज्यानं मारलं तो मेलेल्याच्या घराला रक्ताचं देणं लागतो, जिवाच्या बदल्यात जीव. रेस्मियेचे भाऊ मयताला आले आणि विचारू लागले, "रक्त कुणाकडे मागायचं?" रेफात म्हणाला, "बंदूक माझ्या कोठारातली. मीच दिली. माझ्याकडे मागा." त्या दिवशी पुरुषांच्या पहिल्या ओळीत झेनून बसला होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकला, आणि रेफात घरोघर जायला लागला. मला साक्षीला बरोबर घ्यायचा. आत जाऊन बसायचा, कॉफी यायची, तो हात लावायचा नाही.

"काय मागणं, रेफात?" घरमालक विचारायचा, माहीत असूनही.

"माझी बंदूक द्या."

काही घरांत शिव्या मिळाल्या. लुश्का म्हणाला, "तुझी? तुझ्या बापाची होती का?" त्याच्याकडे आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्याची बायकोच आतून बंदूक घेऊन आली आणि नवऱ्याकडे न बघता तिनं ती दिली. तिला तो मिरच्यांचा दिवस विसरता येत नव्हता, कारण लग्न तिच्या लेकीचं होतं. रेफात प्रत्येक बंदूक तिथंच रिकामी करायचा, तोंड जमिनीकडे धरून, नळीत बोट घालून बघायचा, मग चौकीत नेऊन द्यायचा. दोन वर्षं हेच. गाव थोडं शांत झालं. आम्ही गल्ल्या मागून गल्ल्या केल्या, फक्त झेनूनचं घर शेवटाला ठेवलं होतं. रेफातला त्याच्याकडे मागणं जड जात होतं, असं मला वाटायचं.

अखेर गेलो. झेनून म्हातारा झाला होता. त्याच्या बायकोनं कॉफी ठेवली आणि ती घाईनं आत गेली. झेनूननं कपाकडे बघितलं आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

"मला तुला 'पी' म्हणता येत नाही, रेफात."

"मी प्यायला आलोच नाही. बंदूक द्या, कॉम्रेड कमांडर."

"ती घेतलीस तर सगळंच घ्यावं लागेल." मग त्यानं सांगितलं. लग्नात ती बंदूक त्याच्या धाकट्या मुलाच्या, इल्बेरच्या हातात होती. आकाशाकडे धरली होती, धक्क्यानं नळी खाली आली. इल्बेरनं बाई कठड्यावर पडताना पाहिली होती. त्याच संध्याकाळी बापाला सांगितलं होतं.

"मयताला तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," रेफात म्हणाला.

"बसलो होतो. मी माणूस नाही राहिलो, मला ठाऊक आहे." झेनून उठला, आतून बंदूक आणली, रेफातच्या मांडीवर ठेवली. "इल्बेर बाजारात आहे. तुझा हक्क आहे. माझ्या घरातून कुणी उलट उठणार नाही, हा शब्द देतो. आणि हा पाळीन."

रेफातनं बंदूक घेतली. भरलेली आहे हे त्यानं पाहिलं. मी वाट बघत होतो की तो ती रिकामी करेल, नेहमीसारखी. त्यानं केली नाही. तशीच उचलून चालायला लागला.

भर दुपारचा बाजार. बातमी आमच्या पुढं पळत होती. दुकानांची फळ्यांची दारं एकामागून एक लागत गेली. बायका पोरांना ओढून आत नेत होत्या. मी मागून म्हणत होतो, "रेफात, थांब. रेफात, माझं ऐक." त्यानं मान वळवली नाही. बिलियर्डच्या दुकानावरून आम्ही गेलो, भाजीबाजारावरून गेलो, आणि तो नगरपालिकेच्या पायऱ्या चढला.

नगराध्यक्ष होती वाल्बोना, औषधांच्या दुकानवाली. आदल्या वर्षी निवडून आलेली. ती डब्यातला ब्युरेक खात होती. बंदूक बघून खुर्चीसकट मागं सरकली.

"रेफातकाका, आधी ती खाली ठेवा."

"ठेवायलाच आणलीय. टेबलावर नको, तुमच्या हातात ठेवतो."

"पोलिसांकडे द्या ना. चौकी खालीच आहे."

"बाकीच्या तिथंच दिल्या. ही नाही देणार. पोलिसाकडे त्याची स्वतःची बंदूक आहे. मला बंदूक नसलेलं माणूस पाहिजे." मग त्यानं थोडक्यात सगळं सांगितलं. कुणाची बंदूक, कुणाचा हात, कुणाचं रक्त.

वाल्बोनाचा चेहरा उतरला. "काका, हे रक्ताचं प्रकरण आहे. ज्येष्ठांना बसवा. मी कालपर्यंत खोकल्याचं औषध विकत होते हो."

"ज्येष्ठ बसले होते एकदा माझ्या घरी. बाई, तुम्हाला लोकांनी निवडलंय ना? मग घ्या. सगळ्या गावात हिंडलो होतो तेव्हा, कुणी हात पुढं केला नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? ती उठली, हात स्कर्टला पुसले आणि बंदूक घेतली. घेतली ती अशी की नळी तिच्याच पोटाकडे. रेफातनं दोन बोटांनी नळी जमिनीकडे वळवली, काडतुसं काढून तिच्या दुसऱ्या मुठीत दिली.

"आता?" तिनं विचारलं.

"आता तुम्ही सांगायचं आणि मी ऐकायचं."

तिनं मुठीतली काडतुसं टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "घरी जा, काका. इल्बेरचं कोर्ट बघेल. मी स्वतः फोन करते. तुम्ही त्याच्या वाटेला जायचं नाही." रेफातनं झिजल्या बुटांच्या टाचा जुळवल्या.

इल्बेरला शिक्षा झाली. फार थोडी, असं रेस्मियेच्या भावांना वाटलं. त्या दिवसापासून ते रेफातच्या उंबऱ्यावर आलेले नाहीत. बायकोचं रक्त सरकारला दिलं म्हणतात. ज्या घरांनी त्याला लाजून बंदुका दिल्या, तीच घरं आता त्याला बघून वाट बदलतात. झेनून बाजारात बसत नाही. तो परवा रस्त्यात दिसला, तेव्हा म्हणाला, "त्यानं पोराला मारलं असतं तर मी मान खाली घालून जगलो असतो, वांजेल. आता कसं जगायचं तेच कळत नाही." मला त्याचा राग आला. एका माणसानं रक्त सांडलं नाही, तर सगळ्यांना अपमान झाल्यासारखं वाटतं! असल्या लोकांच्या दाढ्या करायच्या मी, आणि हात कापू द्यायचा नाही.

मागच्या शनिवारी दुकानात आम्ही दोघंच होतो. त्याच्या हनुवटीखाली वस्तरा फिरवत होतो, तर तो आपणहून बोलला. तसा तो बोलत नाही.

"त्या दिवशी इल्बेर बिलियर्डच्या दारात उभा होता. तू मागं होतास, तुला दिसला नसेल."

मला दिसला होता. पांढराफटक, भिंतीला पाठ लावून. पळतसुद्धा नव्हता.

"माझं बोट चापावर होतं," रेफात म्हणाला. "सगळं आयुष्य बंदुकांत गेलं, पण कुणी सांगितल्याशिवाय एक गोळी झाडली नव्हती. म्हटलं, आधी विचारून येऊ."

मी वस्तरा थांबवला. "आणि बाईंनी हात मागं घेतला असता तर?"

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मग घरी परतायची वाट तीच होती, वांजेल. बिलियर्डवरूनच."